मिटलेले डोळे उघडून मिळतील

१

सकाळी शटर वर ढकललं की मी आधी कंप्युटरचं बटण दाबायचो. मग देवाला उदबत्ती, झाडझूड, समोरच्या टपरीवर चहा, पेपरातल्या निधनवार्ता, एखाद्याची फिरकी, असं सगळं यथासांग उरकून परत यायचो, तोवर पडद्यावर नुकतं कुठं उजाडलेलं असायचं. टेबलाखालच्या डब्यात पंखा घरघरायचा. मधूनच आतली डिस्क टक टक टक करायची, लांबच्या बाभळीवर सुतारपक्षी चोच मारतो तशी.

हा कंप्युटर मी नवीन जालन्यातल्या एका बियाणं कंपनीच्या ऑफिसातून उचलला होता. त्यांनी टाकून दिला, मी घरात घेतला. गिऱ्हाईकांना मी सांगायचो, की यानं कंपनीत असताना कपाशीची एकेक सरकी मोजलेली आहे. पावसाळ्यात याच्यावर पाणी सांडू देऊ नका, कोंब फुटतो. जाफराबादला माझ्या थापा लोक चहाबरोबर फुकट घेतात. पण हल्ली थाप सांगतानाही मध्येच दम लागतो. गल्लीतला तातेराव एकदा म्हणालाच, "बद्रीभाऊ, तुमचं खोटं बी आता म्हातारं होऊन राह्यलं."

दुकानाचं नाव लेकीच्या नावावरून, आकांक्षा फोटो स्टुडिओ. नावाखाली मी स्वतःच्या हातानं रंगवलेल्या ओळी आहेत. पासपोर्ट फोटो तत्काळ. जुने फोटो नवे करून मिळतील. मिटलेले डोळे उघडून मिळतील.

पहिल्या दोन ओळींचं काम आता संपत आलं आहे. जिवंत माणसं आपापल्या मोबाईलमध्ये राहायला गेली. दुकान तगलं ते तिसऱ्या ओळीवर.

कंप्युटर आता जाणार, हे मला दिसत होतं. नवा घ्यायचा म्हणून थोडे थोडे पैसे बाजूला टाकत होतो. आकांक्षा जालन्याला नोकरीला आहे, ती फोनवर म्हणायची, "बाबा, तो डबा फेकून द्या आता." मी म्हणायचो, "तुझी आई बी जुनीच हाय, तिला बी फेकू का?" मागून मीना म्हणायची, "फेका एकदाची. कुठंतरी पडून झोपन तरी."

हे ती हसत म्हणायची. मीही हसायचो.

२

डोळे उघडायचं काम कसं सुरू झालं, ते सांगतो. आकांक्षा तेव्हा बालवाडीत होती आणि हा कंप्युटर दुकानात नवाच आला होता. जवळच्या खेड्यातला रामकिसन बापाचा फोटो घेऊन आला. त्या म्हाताऱ्यानं जन्मात कधी फोटो काढला नव्हता. गेल्यावर घरच्यांनी त्याला खुर्चीत बसवलं, फेटा बांधला आणि फोटो काढून घेतला. मान पडू नये म्हणून मागून कुणीतरी धरलेली. धरणाऱ्याची बोटं फेट्याखाली दिसत होती.

"डोळे उघडून पाह्यजे, भाऊ," रामकिसन म्हणाला.

"रामकिसनजी, मी फोटोवाला हाय. यमाचा साडू न्हाई."

"तसं न्हाई हो. तेराव्याला फोटो ठिवायचा. झोपलेला बाप भितीला कसा टांगू? सुना म्हणतील, म्हातारा अजून उठलाच न्हाई."

बोटं पुसणं सोपं होतं. डोळ्यांचं काय करावं? आमचं घर दुकानाच्या मागंच, मधे फक्त पडदा. मीना आत भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती. तिला दुकानात आणून स्टुलावर बसवलं. मांडीवर शेंगांचं सूप तसंच.

"इकडं बघ. मी झालं म्हणेपर्यंत पापणी लवू देऊ नको."

"मेलेल्याला माझे डोळे लावता? देवा रे," ती म्हणाली आणि तिला हसूच आवरेना. मग तिनं तोंडाला पदर लावला, हसू गिळलं आणि कॅमेऱ्याच्या काचेत बघितलं.

फोटो झाला. मी पळत जाऊन कंप्युटरला बसलो. डोळे कापून काढले, काजळ पुसलं, भुवया दाट केल्या, म्हाताऱ्याच्या तोंडावर बसवले. म्हातारा जागा झाला! मी आनंदानं वळलो तर मीना स्टुलावर तशीच. डोळे ताणलेले, दोन्ही गालांवरून पाणी चाललेलं.

"अगं, उठ की."

"तुम्ही झालं म्हणलाच न्हाई."

मला इतकं हसू आलं की विचारू नका. तीही डोळे पुसत हसली. तिला हाताला धरून उठवलं आणि चहा टाकायला सांगितला. 'झालं' म्हणायचं तसंच राहिलं.

त्यानंतर कुणीही मिटल्या डोळ्यांचा फोटो आणला की मी तेच डोळे लावले. बाईला काजळासकट, गड्याला काजळ पुसून. कापून तयार होते, आणि या कंप्युटरवर दुसरे डोळे कापायचे म्हणजे अख्खी दुपार जायची. लोक लांबून यायला लागले. म्हणायचे, बद्रीनाथच्या हातचा फोटो घरात कुठंही उभं राहा, तुमच्याकडंच बघतो. त्या बुबुळांत एक बारीक पांढरा चौकोन होता, दुकानाच्या दाराचा. पडद्यावर खूप मोठं करून बघितलं तर त्या दारात एक काळी काडी दिसायची. कॅमेरा धरलेला मी.

किती घरांत ते डोळे लागले, मी मोजले नाहीत.

३

यंदाच्या उन्हाळ्यात एक दिवस दुपारी जेवताना मीना म्हणाली, "तातेरावच्या घरी लाल फ्रीज आला जणू."

"आला असंल."

"त्याच्यावर मोरांचा कपडा टाकलाय. अन् मागल्या अंगाला कातर पडलीय. वंदना दोन दिसापासून शोधून राह्यली, तिला दिसत न्हाई."

वंदना म्हणजे तातेरावची बायको. मी भाकरी मोडत म्हणालो, "मंग सांगायचं न्हाई का तिला?"

मीना थांबली. घास हातातच राहिला. "मी त्यांच्या घरी कवा गेल्ते?" ती म्हणाली. मला विचारतेय की स्वतःला, ते कळेना.

मी फार विचार केला नाही. गल्लीत बायका बोलत असतात. वंदनानं नळावर फ्रीजचं सांगितलं असेल, कातर हरवल्याचंही. दुपारच्या डुलकीत सगळ्याचं मिळून स्वप्न झालं. मी आयुष्यभर थापा रचलेल्या. गोष्ट कशी शिवतात, मला माहीत आहे.

पण त्या दिवसापासून मी मीनाकडं नीट बघायला लागलो. बघायला लागल्यावर दिसलं, की ती किती थकली आहे. डोळ्यांखाली काळं साचलेलं. जेवण झाल्यावर ती पडद्यामागं चटईवर आडवी व्हायची, चांगली तासभर, आणि उठायची ती पडली त्याहून दमलेली. लग्नाला गेल्यासारखी. दहा घरचं हळदीकुंकू करून आल्यासारखी. जालन्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी मागंच सांगितलं होतं, की डोळे कोरडे पडलेत, बाई पापण्या पुरेशा मिटत नाहीत. थेंबांची बाटली दिली होती. ती बाटली तिच्या उशाशीच असायची.

मी पडदा सारून एकदा बघितलं. ती गाढ झोपलेली, पापण्या घट्ट मिटलेल्या. त्या पापण्यांखाली बुबुळं फिरत होती. इकडून तिकडं, तिकडून इकडं. सावकाश. कुणीतरी खोलीत वावरत असावं आणि आपण बसल्या जागेवरून नुसतं बघत असावं, तशी.

दुकानात कंप्युटरचा पंखा घरघरत होता.

४

माणसानं बुद्धी वापरावी. मी वापरायची ठरवली.

दुसऱ्या दिवशी मीना आडवी झाल्यावर मी तातेरावच्या घरी गेलो. निमित्त काय, तर त्याच्या आईच्या, द्वारकाबाईच्या फोटोला ओल लागली का बघायचं. वंदना स्वयंपाकघरात होती. फ्रीज लाल. वर मोरांचा कपडा. बरं, हे नळावर कळण्यासारखं. मी चवड्यांवर उभा राहून फ्रीजच्या मागच्या कडेला हात घातला. बोटांना लोखंड लागलं.

"अगंबाई! सापडली!" वंदना ओरडली. "सारं घर पालथं घातलं म्या. तुम्हाला कशी दिसली हो भाऊजी?"

खालून दिसत नव्हतीच. मी वर बघितलं. दाराच्या वर, छताला लागून, मीच डोळे उघडून दिलेली द्वारकाबाई. हार सुकलेला. बाईला मी जिवंतपणी ओळखत होतो, अर्धी भाकर मागितली तर सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी शिवी घालणारी. ती वरून शांतपणे बघत होती. कातर पडलेली जागा तिथून बरोबर दिसली असती.

तरीही मी मनाशी म्हणालो, योगायोग. वंदनानं पूर्वी कधी कातर तिथंच ठेवली असेल, मीनानं ते ऐकलं असेल. थाप खोटी पाडायची तर तिच्यापेक्षा वात्रट काहीतरी करावं लागतं. वंदना पाणी आणायला आत वळली. खोलीत कुणी नाही असं बघून मी द्वारकाबाईला जीभ दाखवली. अशी तशी नाही. दोन्ही अंगठे कानांत घालून, बोटं हलवत, पार हनुवटीपर्यंत.

फोटोतलं काही हललं नाही. हलणार काय?

मी पाणी पिऊन, वंदनाला दोन थापा मारून घरी आलो. मीना उठून चटईवर बसली होती. केस विस्कटलेले, डोळे लाल. मला बघून ती चिडली.

"काय हो, मेलेल्या बाईला जीभ काऊन दाखवता? शोभतं का वयाला?"

पडद्यापलीकडं डिस्क टक टक टक करत होती. मी तिथंच उंबऱ्यावर बसलो.

५

मग तिनं सगळं सांगितलं. तिच्या लेखी ती स्वप्नं होती, आणि स्वप्नांची तक्रार कोण करतं?

"डोळे मिटले की दुसरीकडं उघडतात," ती म्हणाली. "कुणाची बी घरं. वरून दिसतात. बाया सैपाक करतात, माणसं भांडतात, लेकरं पडतात. बोलणं ऐकू येत न्हाई, नुसती घरघर. तुमच्या त्या डब्यावाणी. एक घर झालं की दुसरं. मिटावं म्हणते, तर तिथं पापणीच न्हाई."

"किती दिवसापासून?"

"आपली आक्की बालवाडीत जात होती तवापासून. आधी एकच घर दिसायचं. म्हाताऱ्याचं. मंग वाढत गेली." ती जरा थांबली. "मला आता निसतं झोपायचं हाय हो. एकदा. बिनघराची झोप."

इतकी वर्षं ही बाई माझ्या शेजारी पडून होती आणि एकदाही झोपली नव्हती.

उपाय काय, ते मला लगेच कळलं. भिंतींवरचे डोळे बदलायचे. प्रत्येक फोटोची मूळ फाईल माझ्याकडं होती. ती कशी असते सांगतो. एकावर एक काचा ठेवल्यासारखी. खालच्या काचेवर मेलेलं माणूस, वरच्या काचेवर डोळे. वरची काच काढून दुसरी ठेवली की झालं. पण त्या सगळ्या फाईली त्या एकाच डब्यात, आणि डबा मरायला टेकलेला. तो आधी गेला, तर मीनाचे डोळे त्या घरांतून कधीच उतरणार नव्हते.

मी डबा मीनाच्या जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि मांडीवर घेऊन एसटीनं जालना गाठलं. कंडक्टर म्हणाला, "याचं तिकीट?" मी म्हणालो, "सासूबाई हाय, पासवाली." तो हसला. मला हसू आलं नाही.

नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्यावर प्रेमचं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. माझ्याच वयाचा, सरळ बोलणारा माणूस. डबा उघडून त्यानं आतली धूळ फुंकली.

"बद्रीभाऊ, खरं सांगू? भंगारवाला वजनावर घेईल. शाळेला दिला तर पोरांना खोलून दाखवायच्या कामाचा. बाकी याच्यात खर्चा करणं म्हणजे मेलेल्या बैलाला पेंड."

"फायली काढून दे फक्त."

त्यानं डबा आपल्या मॉनिटरला जोडला. डिस्क टकटकली, थांबली, परत टकटकली. मग फाईलींची खिडकी उघडली आणि बारीक बारीक फोटो एकेक करत भरत गेले. ओळीवर ओळ. फेटेवाले, टोपीवाले, नऊवारीतल्या, कोटातले, एक बाळंतपणात गेलेली कोवळी पोर. सगळा पडदा भरला.

प्रेमचा हात थांबला.

"भाऊ, हे सारे एकाच घरचे का?"

"न्हाई. काऊन?"

त्यानं मॉनिटरचं तोंड हळूच भिंतीकडं फिरवलं, आणि मान वाकडी करून, तिरकं बघत काम करायला लागला.

कॉपी काही निघेना. अर्ध्यातच डिस्क बसायची. शेवटी त्यानं हात टेकले. "एकेक फाईल उघडल. तिच्यातच काम करा, तिथल्या तिथं प्रिंट काढा. घरी नेऊन चालू केला की मंग बंद करू नका, बॅटरी लावा. एकदा झोपला तर हा पुन्हा उठणार न्हाई."

डबा परत लुगड्यात बांधताना त्यानं मॉनिटरवर एक कपडा टाकला. मॉनिटर तर बंद होता.

६

प्रश्न उरला, नवे डोळे कुणाचे?

आकांक्षाला फोनवर म्हणालो, एका गिऱ्हाईकाला डोळे पाहिजेत. ती म्हणाली, "बाबा, इंटरनेटवर ढिगानं मिळतात, फुकट." तिनं पाठवले पण. कुठल्या तरी बाईचे, निळसर, हसरे. मी ते मोठे करून बघितले. त्या बुबुळांतही एक खिडकी होती. कुठल्या देशातली, कुणाच्या घरची, कोण जाणे. तिच्याही घरी दुपार होत असेल, तीही कुठंतरी आडवी होत असेल. तिची झोप मी का घालवावी? आणि फोटोतले डोळे उघडे ठेवायचेच आहेत, तर कुणाची तरी झोप जाणारच.

मीना बाजारात गेलेली असताना मी स्वतः त्या स्टुलावर बसलो. कॅमेरा स्टँडवर, टायमर लावला. काचेत बघितलं. टायमरची टिकटिक, मग खटका. झालं म्हणायला दुकानात कुणी नव्हतं. मीच उठलो.

पडद्यावर मोठं करून बघितलं. बुबुळांत दाराचा पांढरा चौकोन होता. दार रिकामं होतं.

मीनाला सांगितलं, इंटरनेटवरचे घेतले. थाप मारण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

मग काम सुरू झालं. नव्या कंप्युटरसाठी ठेवलेले पैसे कागदात, शाईत आणि काचांत गेले. एक फाईल उघडायला इतका वेळ लागायचा, की मधे मी दाढी करून घ्यायचो. लोकांना सांगितलं, कंपनीची योजना आहे, जुना फोटो द्या, न उडणाऱ्या रंगाचा नवा घ्या, फुकट. ही माझी सगळ्यात टुकार थाप, आणि जाफराबादनं ती बिलकुल शंका न घेता घेतली.

तातेरावनं नवा फोटो टांगला, मागं सरकून बघितला आणि डोकं खाजवलं. "बद्रीभाऊ, फोटो झ्याक हाय. पण आमची माय अशी मिश्कील नव्हती राव. आता काहीतरी लबाड बोलंल असं वाटून राह्यलं."

"वर गेल्यावर सुधरली असंल."

"सुधरली म्हणता? बिघडली म्हणा," तो म्हणाला आणि हसला. पण फोटोखालून जाताना त्यानं मान खाली घातली.

जुने फोटो मी घरी आणून टेबलाखाली पालथे ठेवत गेलो. रोज दुपारी उठल्यावर मीना सांगायची, "आज ती शेळी बांधलेली खोली गेली." दुसऱ्या दिवशी, "ते भांडखोर जोडपं गेलं. बरं झालं, लई डोकं उठवायचे." एकेक खोली कमी होत होती. तिच्या तोंडावर रंग यायला लागला होता. मी बघत होतो आणि रात्रंदिवस चालू राहिलेल्या त्या डब्याला मनात म्हणत होतो, अजून थोडं, बाबा. तू बी दमला, मी बी दमलो. अजून थोडं.

शेवटी रामकिसनचा बाप उरला. सगळ्यात पहिली फाईल, सगळ्यात शेवटी उघडली. डोळे बदलले. छपाईला दिलं. कागद वरून इंच इंच बाहेर यायला लागला. फेटा आला, कपाळ आलं, भुवया आल्या आणि यंत्र थांबलं. डब्यात टक. टक. मग काहीच नाही. पंखाही मंदावला. मी टेबलावर दोन्ही हात ठेवून उभा. तोंडानं कुठल्या देवाचं नाव घेतलं, आता आठवत नाही. मग आत कुठंतरी काहीतरी सुटल्यासारखा आवाज झाला, आणि कागद पुढं सरकला. माझे डोळे बाहेर आले. मग म्हाताऱ्याचं नाक, मिशा, फेट्याचा शेव. कागद ट्रेमध्ये पडला आणि पंखा थांबला.

इतक्या वर्षांत दुकानात पहिल्यांदा शांतता झाली. ती इतकी मोठी होती, की समोरच्या टपरीतली कपबशी ऐकू आली.

मी तो फोटो काचेत बसवून स्वतः नेऊन टांगला, जुना उतरवून आणला. परत आलो तेव्हा मीना चटईवर भिंतीला टेकून बसली होती, माझी वाट बघत. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो.

"झालं," मी म्हणालो.

तिनं डोळे मिटले. तिची मान तिथंच माझ्या खांद्यावर पडली. पापण्यांखाली बुबुळं हलली नाहीत. ती दुसऱ्या दिवशी दुपारी उठली आणि म्हणाली, "अहो, काहीच दिसलं न्हाई." आणि लेकरासारखी हसली.

७

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं. मी खुर्चीत डोळे मिटतो.

वंदना कणीक मळते. कातर आता खिळ्याला अडकवलेली असते. रामकिसन एकटा जेवतो, जेवताना बापाकडं बघत नाही. एक घर कुलूप लावून पुण्याला गेलं आहे. तिथं काहीच होत नाही. उन्हाचा पट्टा फरशीवरून सरकतो, पाल काचेवरून जाते, तिचं पोट मला दिसतं. ते घर सगळ्यात लांब वाटतं. आवाज कुठंच नाही, नुसती घरघर. डबा तर केव्हाच बंद पडला. तो मी भंगारात दिला नाही, शाळेलाही नाही. मीनाचं लुगडं टाकून टेबलावर ठेवला आहे.

मी स्वतःला समजावतो, की हे मनाचे खेळ. मीनानं इतकं सांगितलं, ते डोक्यात बसलं. थापाड्याला आपलीच थाप लागली. असेलही. पण उठतो तेव्हा पाय दुखत असतात.

गेल्या काही दिवसांपासून एक खोली नवीन आली आहे. मी पहिल्यांदा ती ओळखली नाही, कारण कधी वरून बघितली नव्हती. निळ्या भिंती. कोपऱ्यात गळतीचा डाग, घोड्याच्या तोंडासारखा. भांड्यांची मांडणी. पलीकडं सारलेला पडदा. टेबलावर लुगडं टाकलेलं काहीतरी चौकोनी. खाली चटईवर मीना शेंगा सोलत बसलेली. गाल भरलेले, डोळ्यांखालचं काळं गेलेलं. छान झोप झालेल्या बाईसारखी. आकांक्षा आली आहे, कामाचा दिवस असून. तिच्या हातात हार आहे.

दचकून उठलो आणि आत जाऊन बघितलं. जिथून खोली दिसली, त्या भिंतीवर काहीच नाही. आमच्या घरात मी कधी कुणाचा फोटो लावलेला नाही. तिथं साधा खिळाही नव्हता.

मग एक दिवस मीना चहा घेऊन आली. कप ठेवला आणि माझ्याकडं बघत उभी राहिली.

"तातेरावच्या घरी गेल्ते," ती म्हणाली. "द्वारकाबाईला बघून आले."

मी चहात फुंकर घातली. "मंग? कशी हाय म्हातारी?"

"लबाड," ती म्हणाली. "इंटरनेटवरचे म्हणं."

तिनं पदराच्या गाठीतून थेंबांची बाटली काढली, अर्धी उरलेली, आणि माझ्या कपाशेजारी ठेवली. मग दाराशी वळून म्हणाली, "अन् अहो, आतल्या निळ्या भितीला एक खिळा ठोकून द्या. कॅलेंडर लावीन म्हणते."

मी ठोकला. खिळा कुठं ठोकायचा, हे तिनं सांगितलं नाही. मला ते माहीत होतं.

कॅलेंडर तिनं लावलं आहे, चांगलं मोठं, बियाणं कंपनीचं. आज दुपारी डोळ्यांत थेंब घालून मी खुर्चीत पडलो. वंदना झाली, रामकिसन झाला, कुलूपवालं घर झालं, आणि मग निळी खोली आली. मीनानं सूप बाजूला ठेवलं, हात झटकले, उठली. जवळ आली, अगदी खाली येऊन उभी राहिली आणि वर बघितलं. आकांक्षानं तिचा दंड धरला होता. मीनाचे ओठ उघडले. तिला काय म्हणायचं आहे, मला ठाऊक आहे. जगात हे एवढंच आहे, जे मला ऐकू आलं नाही तरी कळेल.

पण ती म्हणाली नाही. हल्ली रोज तिथपर्यंत येते, वर बघते, थांबते. घाई नाही तिला. मलाही नाही. ती झालं म्हणेपर्यंत पापणी लवू द्यायची नाही, एवढंच.